सुपरहिरोचा 'तोच तो' नट कशानं ठरतो?

लकडीपूल (धागाकर्ता)

२०२५च्या जुलैत डेव्हिड कोरेनस्वेटचा सुपरमॅन आला आणि टिळक रस्त्यावरच्या आमच्या कट्ट्यावर जुनं भांडण नव्यानं पेटलं. एक गट म्हणतो, ख्रिस्तोफर रीव्हनंतर सुपरमॅन झालाच नाही. दुसऱ्या गटाला हेन्री कॅव्हिलपुढे कुणी दिसत नाही. तिसरा गट बिल यायच्या आत उठतो, त्यामुळे त्याचं मत आजवर कळलेलं नाही.

कोण भारी हा वाद मला इथे नकोय, तो चहाबरोबर संपतो. माझा प्रश्न त्याच्या एक पायरी खालचा आहे. अॅडम वेस्टपासून रॉबर्ट पॅटिन्सनपर्यंत मोठ्या पडद्यावर सात जणांनी बॅटमॅन केला. स्पायडरमॅन तिघांनी केला. तरी प्रत्येक पात्रामागे एखादं नाव असं चिकटतं की बाकीचे पाहुणे वाटायला लागतात. हे कशानं होतं?

एकट्यानंच केलं म्हणून होतं म्हणावं, तर रायन रेनल्ड्सनं २०११मध्ये ग्रीन लँटर्न एकट्यानंच केला होता. त्याचं नाव घेतलं की तो स्वतःच हसतो. चित्रपट चालला म्हणून म्हणावं, तर व्हॅल किल्मरचा १९९५चा बॅटमॅन उत्तम चालला होता, आणि आज त्याची आठवण काढायला प्रश्नमंजूषा लागते. मग काय उरतं? चेहरा, शरीर, आवाज, नशीब, की आपलं वय?

जाणकारांनी लिहावं. 'आमच्या वेळी' अशी सुरुवात चालेल, पण पुढे कारण हवं.

कोथरूडकर_बंड्या

रुमाल टाकून ठेवतो. ऑफिसातून निघालो की सविस्तर.

सिंहगड_एक्सप्रेस

एवढा काथ्याकूट कशाला? दहाव्या वर्षी जो पाहिला तोच खरा. माझ्यासाठी अँड्र्यू गारफील्ड. २०१२मध्ये बाबांनी शाळा बुडवून नेलं होतं. माझ्या मोठ्या भावासाठी टोबी मग्वायर आणि धाकट्या चुलत बहिणीसाठी टॉम हॉलंड. एकाच घरात तीन स्पायडरमॅन, आणि तिघांची वयं सांगितली तर कुणाचा कोण हे कुणीही ओळखेल.

२०२१च्या डिसेंबरमध्ये तिघं एकाच चित्रपटात आले तेव्हा थिएटरात तीन वेळा शिट्ट्या वाजल्या. प्रत्येक वेळी वेगळ्या रांगांतून.

निळाई

@सिंहगड_एक्सप्रेस, तीन रांगांचा किस्सा आवडला, पण तुझं गणित माझ्यावर चालत नाही. मी पहिला बॅटमॅन पाहिला तो जॉर्ज क्लूनीचा, १९९७चा, केबलवर, दुपारी, आईनं ओरडेपर्यंत. मला तो प्रचंड आवडला होता. बर्फाचा खलनायक, रंगीबेरंगी दिवे, सगळंच. आज तो माझा बॅटमॅन आहे का? अजिबात नाही. क्लूनीनंही त्याबद्दल पुन्हा पुन्हा माफी मागितली आहे.

उलट रीव्हचा सुपरमॅन मी तिशी उलटल्यावर पाहिला, तोही मोबाईलवर. १९७८चा चित्रपट, उडण्याची दृश्यं आजच्या मानानं साधी. तरी एका जागी मी मागे जाऊन परत पाहिलं. त्यात उडणं नव्हतं, मारामारी नव्हती, तो नुसता उभा होता.

म्हणजे वयामुळे जीव जडतो हे मान्य. पण वय वाढल्यावरही तो टिकवून धरणारं दुसरं काहीतरी असतं.

तिसरी_घंटा

निळाईताई, तुम्ही कुठलं दृश्य म्हणताय ते बहुतेक ओळखलं. त्यावरच लिहायला बसलो होतो.

क्लार्क, म्हणजे चष्मा लावून साधा वार्ताहर म्हणून वावरणारा सुपरमॅन, सहकारी लोइसला न्यायला तिच्या घरी येतो. ती आत आवरायला जाते. हा बाहेरच्या खोलीत एकटा. तिला खरं सांगून टाकावं असं त्याच्या मनात येतं. तो चष्मा काढतो. खांदे मागे जातात, मान उंचावते, पोटात घेतलेला बाक सरळ होतो, आणि तिला हाक मारतो तो आवाजही खालच्या पट्टीतला. माणूस पाहता पाहता चांगला दोनतीन इंच वाढतो. मग धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे पुढे, आवाज वर, आणि तोच गोंधळलेला वार्ताहर. कपडे तेच. मधे कट नाही, रंगभूषा नाही, कॅमेऱ्याची करामत नाही. दिग्दर्शक रिचर्ड डोनरनं नटाला मोकळं सोडलं आणि नटानं ते शरीरानं केलं.

चष्मा लावल्यावर सुपरमॅन कुणाला ओळखू कसा येत नाही, ही सगळ्या जगानं केलेली थट्टा आहे. त्या एका दृश्यात रीव्हनं तिला उत्तर दिलंय. ओळखू येत नाही, कारण हा माणूस उभाच वेगळा राहतो.

रीव्ह ज्युलियर्ड या कलासंस्थेत शिकलेला, रॉबिन विल्यम्सचा सहाध्यायी. क्लार्कसाठी त्यानं कॅरी ग्रँटच्या जुन्या विनोदी भूमिकेचा, त्या वेंधळ्या शास्त्रज्ञाचा आधार घेतला. कपड्याआत खोटे स्नायू भरायचं सुचवलं तेव्हा नाही म्हणाला आणि डेव्हिड प्राऊझकडे व्यायामाला गेला. प्राऊझ म्हणजे 'स्टार वॉर्स'मधल्या डार्थ व्हेडरच्या काळ्या चिलखतातला माणूस. पण हे स्नायू दुय्यम. सुपरमॅन त्यानं व्यायामशाळेत कमावला असेल, क्लार्क मात्र अभिनयाच्या तालमीत कमावला, आणि माझ्या मते भूमिका त्या क्लार्कमुळे त्याची झाली.

आपल्याकडे हे कळायला अवघड जाऊ नये. 'तो मी नव्हेच' १९६२चं. प्रभाकर पणशीकर निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणून कोर्टात उभे असायचे, रंगमंच फिरायचा, आणि तोच माणूस कॅप्टन अशोक परांजपे होऊन यायचा, राधेश्याम महाराज होऊन यायचा. प्रेक्षकाला ठाऊक असायचं की हा एकच नट आहे. गंमत त्यातच होती. फसवणूक समोर चाललेली दिसत असूनही फसायचं. दुहेरी आयुष्य असलेल्या सुपरहिरोच्या नटाला हेच करायचं असतं. फक्त त्याला मुखवट्याची सोय असते, आणि बरेच जण त्या सोयीवरच भागवतात.

म्हणून माझी कसोटी सोपी आहे. मुखवटा नसतानाची दृश्यं पाहा.

सिंहगड_एक्सप्रेस

काका, दंडवत. दृश्य आत्ता शोधून पाहिलं. अंगावर काटा.

पण मग आयर्नमॅनचं काय करायचं? त्याला दुसरं आयुष्यच नाही. पहिल्याच चित्रपटाच्या शेवटी पत्रकारांपुढे सांगून मोकळा होतो की तो मीच.

तिसरी_घंटा

हा प्रश्न मला अपेक्षित होता आणि उत्तर तयार नाही. इतरांना बोलू द्या.

वेताळटेकडी

'पुस्तकातल्यासारखा दिसतो म्हणून तोच खरा' हे मत कुणी मांडायच्या आतच निकालात काढतो.

टोपणनावावरून कळलं असेल, मी इंद्रजाल कॉमिक्सवर वाढलेला. आमचा वेताळ, म्हणजे फँटम. रद्दीवाल्याकडून आणलेले अंक अजून माळ्यावर आहेत. १९९६मध्ये बिली झेनचा फँटम आला. जांभळा पोशाख जसाच्या तसा, जबडा तसाच, कवटीची अंगठी, पांढरा घोडा, सगळं चित्रातून उतरून आलेलं. त्या माणसानं शरीरही खरंच कमावलं होतं. आणि आज या धाग्यावर माझ्याशिवाय कुणी त्याचं नाव घेणार नाही याची मला खात्री आहे.

उलट बाजू पाहा. पुस्तकातला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंचांचा, ठेंगणा, केसाळ, गल्लीतल्या कुत्र्यासारखा अंगावर येणारा. ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. लंडनला संगीतिका करणारा, नाचगाण्यातला देखणा माणूस. शिवाय तो पहिली निवडही नव्हता. डूग्रे स्कॉट ठरला होता, पण त्याचं आधीचं चित्रीकरण लांबलं आणि जॅकमन आयत्या वेळी आला. २००० सालापासून २०२४पर्यंत तोच आहे. पिवळा पोशाख तर त्याला शेवटी, २०२४मध्ये, धड घालायला मिळाला. तोपर्यंत कुणी विचारलंही नव्हतं की बाबा तुझा पोशाख कुठाय.

आता उंचीची ही विसंगती लोकांनी का खपवून घेतली? मला वाटतं, बुटकेपणातून पात्राला जो राग मिळाला होता तो जॅकमननं दुसरीकडून आणला. मान पुढे, नजर खालून वर, खोलीत शिरला की आधी दार कुठे आहे ते बघणारा. उंच माणूस अंग चोरून वावरतो तेव्हा तो जास्त धोकादायक वाटतो. २०१७च्या 'लोगन'मध्ये तर तो लंगडतो, खोकतो, चष्मा लावून कागद वाचतो, आणि तिथे तो सगळ्यात जास्त वुल्व्हरिन आहे.

मायकेल कीटनचीही तीच गोष्ट. विनोदी नट, बेताची उंची, हनुवटी नाही. टिम बर्टननं त्याला घेतलं तेव्हा स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा ढीग आला होता. तेव्हा लोकांना टपाल हशील परवडायचं, आता फुकटात शिव्या देता येतात. १९८९मध्ये चित्रपट लागला आणि पत्रं लिहिणारे गप्प झाले.

रानजाई

वेताळटेकडी, कीटनबद्दल माझ्याकडे थोडं आहे. मी नाटकांचा कपडेपट बघते, त्यामुळे नट काय करतो याच्याआधी माझं लक्ष अंगावर काय आहे तिकडे जातं.

कीटनच्या त्या काळ्या रबरी पोशाखात मुखवटा आणि खांदे एकसंध होते. मान वळायचीच नाही. बाजूला बघायचं तर छातीसकट वळावं लागायचं. दुसऱ्या कुणी कपडेवाल्याच्या नावानं बोटं मोडली असती. ह्यानं ते वळणंच बॅटमॅनची लकब करून टाकली. आधी थांबतो, मग सगळा धड वळतो, त्यामुळे माणूस कमी आणि पुतळा जास्त वाटतो. बोलणंही कमी, हालचाल कमी, सगळं काम डोळे आणि तोंडाचा खालचा भाग यांच्यावर. मुखवटा घालून नट अर्धा झाकला जातो हे त्यानं ओळखलं होतं.

२००८च्या चित्रपटात क्रिश्चन बेलचं पात्र मान वळवता येईल असा नवा पोशाख मागतं. चित्रपटातच तसा संवाद आहे. म्हणजे कीटनची अडचण जवळजवळ वीस वर्षांनी पुढच्या माणसाच्या पटकथेत आली.

अवांतर: आमच्या एका नाटकात मुख्य नटाचा अंगरखा काखेत घट्ट झाला होता. तो दुरुस्त होईपर्यंतच्या प्रयोगांत त्यानं हात न उचलता जो रुबाब दाखवला, तो दुरुस्तीनंतर गेला. दिग्दर्शकांनी मला अंगरखा परत घट्ट करायला लावला.

निळाई

काखेतला रुबाब! हे वेगळ्या धाग्यावर लिहाच.

कोथरूडकर_बंड्या

आलो. तुमचा हॉलीवूडचा सत्संग छान चाललाय, पण या धाग्यावर अजून गंगाधरचं नाव नाही म्हणजे काय?

पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री. पुढे आलेले दात, मधोमध भांग, गोल चष्मा, 'आज की आवाज'चा छायाचित्रकार. मुकेश खन्ना १९९७ ते २००५ दूरदर्शनवर शक्तिमान होते आणि रविवारी बारा वाजता आमच्या वाड्यात एकही पोरगं अंगणात नसायचं. वीज गेली तर ज्यांच्याकडे वीज आहे त्या गल्लीत शिष्टमंडळ जायचं.

तिसरी_घंटा काकांची कसोटी लावून पाहा. खन्ना त्याआधी भीष्म म्हणून घराघरांत पोचले होते. तो आवाज, ती छाती, तो संथपणा. शक्तिमान करायला त्यांना फारसं काही करावं लागलं नाही, भीष्मानं अर्धं काम आधीच केलं होतं. कष्ट दिसतात ते गंगाधरमध्ये. भीष्माला बावळट करायचा होता! चिरका आवाज, तिरकी चाल, बाईमाणसासमोर गोंधळणं. आम्ही शाळेत नक्कल करायचो ती गोल फिरण्याची, आणि खरं सांगायचं तर त्याच्या बरोबरीनं गंगाधरच्या बोलण्याची. गिरकी कुणालाही यायची. गंगाधर ज्याला जमायचा तो वर्गात भाव खायचा.

शक्तिमानवर चित्रपट येणार, रणवीर सिंग करणार, अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा खन्नांनी २०२४मध्ये जाहीर विरोध केला. त्यांचं कारण प्रतिमेचं होतं, पोरांनी ज्याच्याकडे आदर्श म्हणून बघायचं तो माणूस कसा असावा वगैरे. मला ते पटत नाही. पण रणवीरनं गंगाधर केला तर तो बघायला मी पहिल्या रांगेत असेन.

आणि ते जाऊ द्या, १९८८चा 'शहेनशाह' घ्या. दिवसा पान चघळणारा लाचखाऊ इन्स्पेक्टर, रात्री चिलखती बाहीचा न्यायमूर्ती. अमिताभनं रात्रीच्या माणसाला आवाज दिला, पण मजा त्या दिवसाच्या माणसाची. क्लार्क केंटचा आपला मवाली भाऊ.

वेताळटेकडी

+१. गंगाधरसाठी वेगळा +१.

मराठीत २०१५मध्ये श्रेयस तळपदेचा 'बाजी' आला होता, कोकणातला मुखवटाधारी, घोड्यावरचा. निखिल महाजनचा चित्रपट. प्रयत्न म्हणून मला आवडला होता. पण पुढे कुणी ते पात्र उचललं नाही, त्यामुळे तळपदेला तुलना करायला कुणी भेटलाच नाही.

अनामिक_अप्पा

सगळे इंग्रजी नट. पोरांना हनुमान माहीत आहे का विचारा.

कोथरूडकर_बंड्या

अप्पा, माहीत आहे. पोरं दारासिंगची नक्कल करतात. तो आमच्याच बाजूचा पुरावा आहे, धन्यवाद.

रानजाई

एक गोष्ट कुणी काढली नाही. आवाज कुणाचा?

माझं माहेर बारामतीकडचं. तिकडे आम्ही हे सगळं हिंदीत पाहिलं. माझ्या धाकट्या भावाचा टोनी स्टार्क, म्हणजे आयर्नमॅन, हा रॉबर्ट डाउनीचा चेहरा आणि राजेश खट्टरचा आवाज आहे. पुण्यात शिकायला आल्यावर त्यानं मूळ इंग्रजी ऐकलं तेव्हा म्हणाला, 'हा काय पुटपुटतोय?' त्याच्यासाठी खरा टोनी रुंद आवाजाचा, ठसक्यात बोलणारा. डाउनी तर अर्धी वाक्यं गिळतो, स्वतःच्याच बोलण्यावर बोलतो. मग माझ्या भावानं पाहिला तो डाउनीचा आयर्नमॅन म्हणायचा का?

कधीकधी उलटंही होतं. २०१६च्या चित्रपटात कॅप्टन अमेरिकेला हिंदीत वरुण धवनचा आवाज दिला. भाऊ चित्रपटभर वैतागलेला. चेहरा ओळखीचा, पण आतला माणूस बदलल्यासारखा.

तिसरी_घंटा

रानजाई, फार मोलाचा मुद्दा. आवाजच धरायचा तर बॅटमॅनच्या बाबतीत कित्येक जाणकार कुठल्याही नटाआधी केव्हिन कॉनरॉयचं नाव घेतात. त्याचा चेहरा पडद्यावर जवळजवळ नाहीच. १९९२पासून व्यंगचित्रमालिकेत नुसता आवाज. २०२२मध्ये गेला तोपर्यंत तीसेक वर्षं तो बॅटमॅन होता. ब्रूस वेनचा, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या बॅटमॅनचा, आवाज वेगळा, हलका, श्रीमंत पोराचा. बॅटमॅनचा खाली उतरलेला. आणि ब्रूस एकटा असला की आवाज बॅटमॅनचा यायचा. म्हणजे मुखवटा कुठला आणि चेहरा कुठला, हे त्यानं कानाला सांगितलं.

मघाशी माझ्याकडे डाउनीचं उत्तर नव्हतं, आता थोडं सुचतंय. त्याला दोन माणसं करायची नव्हती हे खरं, पण एका माणसातली भेग दाखवायची होती. टोनीची बडबड हाच त्याचा मुखवटा. विनोद थांबला की कळतं की हा घाबरलाय. डाउनीचं स्वतःचं आयुष्य, व्यसनं, तुरुंग, बाहेर पडणं, हे २००८मध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. स्टुडिओ त्याला घ्यायला कचरत होता, दिग्दर्शक जॉन फॅव्ह्रोनं धरून ठेवलं. पटकथा पुरी झालेली नसताना चित्रीकरण सुरू झालं, बरेच संवाद जागेवर सुचलेले. त्यामुळे टोनी बोलतो ते लिहिलेलं वाटत नाही.

सिंहगड_एक्सप्रेस

आणि २००८च्या आधी आयर्नमॅन दुसऱ्या फळीतला होता, हे आमच्या पिढीला सांगूनही पटत नाही. त्यानंतर पुस्तकातला टोनी स्टार्कसुद्धा डाउनीसारखा बोलायला लागला. जुने अंक वाचले तर त्यातला टोनी फार गंभीर वाटतो.

लकडीपूल

थांबा थांबा. सिंहगडनं जाता जाता जे म्हटलं त्यात मला उत्तर दिसतंय.

कीटनची न वळणारी मान वीस वर्षांनी दुसऱ्याच्या संवादात आली. डाउनीमुळे पुस्तकातला टोनी बदलला. रीव्हनं क्लार्कला जो बाक दिला, तो पुढच्या प्रत्येक क्लार्कला घ्यावा तरी लागला किंवा ठरवून टाळावा तरी लागला. म्हणजे 'तोच तो' नट ओळखायचा कसा, तर त्याच्याकडे बघायचंच नाही. त्याच्यानंतर आलेल्याकडे बघायचं. पुढचा माणूस त्याचं काहीतरी उचलतो किंवा त्याला वळसा घालतो. बिली झेनला कुणी वळसा घातला नाही, कारण वाटेत काही नव्हतंच.

घोगऱ्या आवाजाचं उदाहरण घ्या. बेलनं मुखवट्याखाली जो खरखरीत आवाज लावला त्याची मनसोक्त टिंगल झाली. पण त्यानंतर बेन अॅफ्लेकच्या बॅटमॅनला आवाज बदलणारं यंत्र दिलं आणि २०२२मध्ये पॅटिन्सन जवळजवळ कुजबुजतो. दोघांनाही बेलच्या घशाचं काहीतरी करावं लागलंच.

निळाई

लकडीपूल, कसोटी आकर्षक आहे. पण तिच्यानं दोन घोटाळे होतात.

पहिला घोटाळा तुमच्याच उदाहरणात. टिंगल झालेली गोष्टही पुढच्याला टाळावी लागते. मग वाईट अभिनयानंही माणूस 'तोच तो' होणार का? क्लूनीच्या बॅटमॅननंतर आठ वर्षांनी आलेला चित्रपट इतका काळोखा आणि गंभीर झाला, त्यात १९९७च्या रंगीबेरंगी दिव्यांचा वाटा नाही असं कोण म्हणेल? सगळ्यात मोठा वळसा तर त्यालाच घातला.

दुसरा घोटाळा चॅडविक बोझमनचा. ब्लॅक पँथरला, म्हणजे वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजाला, आफ्रिकी उच्चारच हवेत, इंग्रजांसारखे किंवा अमेरिकनांसारखे नकोत, हा त्याचा आग्रह होता. राजा परक्या शाळेत शिकल्यासारखा बोलला तर कधीच गुलाम न झालेल्या देशाला अर्थ काय, अशी त्यामागची भूमिका. २०१८मध्ये चित्रपट आला, २०२०मध्ये बोझमन गेला. २०२२च्या चित्रपटात त्याच्या जागी दुसरा नट घेतला नाही, पात्रच मरण पावलं असं दाखवलं. त्याच्या भूमिकेत त्याच्यानंतर कुणीच उभा राहिला नाही. तुमच्या कसोटीनं त्याचा निकाल लावायचा कसा?

लकडीपूल

पहिल्याला उत्तर: क्लूनीला वळसा घातला नाही, त्या चित्रपटाला घातला. क्लूनी त्यात क्लूनीच होता, तो मुखवट्याआधी आणि मुखवट्यानंतर सारखाच हसतो. टाळण्याजोगं असं नटाचं त्यात काही नाही.

दुसऱ्याला उत्तर: उच्चार पाहा. त्याच्या बहिणीपासून सेनापतीपर्यंत सगळा देश त्याच पद्धतीनं बोलतो. पुढचा नट आला नाही, पण पूर्ण चित्रपट त्याच्या कानानं चालला.

तिसरी_घंटा

दुसरं उत्तर ओढूनताणून आहे, लकडीपूल. बोझमनचं वेगळं मानू या, तिथे शोक आहे आणि शोकाला कसोटी लावू नये.

पण मला तुमच्या विचाराला नाटकवाला म्हणून आणखी एक आक्षेप घ्यायचाय. 'नटसम्राट' १९७०चं. पहिले डॉक्टर लागू. नंतर दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनी अप्पासाहेब बेलवलकर केला, २०१६मध्ये नाना पाटेकर पडद्यावर आले. दत्ता भटांचा अप्पासाहेब पाहिलेली माणसं अजून सदाशिव पेठेत भेटतात आणि तोच खरा म्हणून तावातावानं बोलतात. कुणी भूमिका बळकावली नाही. कुसुमाग्रजांनी ती इतकी मोठी लिहिली की प्रत्येकाला आपापला कोपरा मिळाला.

उलट 'घाशीराम'मध्ये, १९७२ला भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला तेव्हापासून नाना फडणवीस म्हटलं की मोहन आगाशे. ती लाडिक क्रूर चाल मागे टाकणं नंतरच्या कुणालाही सोपं गेलं नाही. एकाच काळातली उदाहरणं आहेत ही, आणि दोन्ही संहिता थोर. मग एकीकडे भूमिका वाटली जाते आणि दुसरीकडे एकाच्या अंगाला चिकटते, असं का?

मला वाटतं, अप्पासाहेबांकडे शब्द आहेत. लांबलचक स्वगतं. शब्द प्रत्येक नट आपल्या घशातून काढतो. नानाकडे शब्द बेताचे, अंग जास्त. ठेका, पावलं, मानेचा झोल. अंगानं घडवलेली गोष्ट दुसऱ्याला उसनी घेता येत नाही, नाहीतर नक्कल दिसते. सुपरहिरोंची पात्रंही अंगाची आहेत. म्हणून तिथे एकेक नट चिकटून बसतात.

वेताळटेकडी

हे पटलं. स्पायडरमॅन तिघांत का वाटला गेला तेही यात बसतं. मुखवटा पूर्ण बंद, डोळेही दिसत नाहीत. उड्या संगणकाच्या. नटाला अंगानं शिक्का मारायला जागा उरते ती मुखवट्यामागच्या पीटर पार्करमध्ये. मग्वायरचा पीटर भाडं थकलेला, मोपेडवरून पिझ्झा पोचवणारा. २००४च्या चित्रपटात रेल्वे थांबवून बेशुद्ध पडतो, मुखवटा गेलेला, आणि डब्यातली माणसं त्याला हातांवरून आत घेतात. चेहरा बघून त्यांना कळतं की हा तर पोरगाच आहे. गारफील्डचा पीटर दुखावलेला आणि तिरकस. हॉलंड आधी नर्तक, लंडनच्या 'बिली एलियट'मधून आलेला, त्यामुळे त्याच्या धडपडण्यातही तोल आहे. तीन पीटर, आणि स्पायडरमॅन सामाईक.

कोथरूडकर_बंड्या

म्हणजे फास्टर फेणेसारखं. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फेणे दूरदर्शनवर सुमीत राघवननं केला, २०१७मध्ये अमेय वाघनं मोठा करून केला. माझा मात्र पुस्तकातल्या चित्रातलाच, काटकुळा. तिथे नटाला शिरकाव नाही.

निळाई

कोरेनस्वेटवरून सुरुवात झाली होती, त्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. परवा पुन्हा पाहिला. तोही ज्युलियर्डचाच. या चित्रपटात लोइसला त्याचं गुपित सुरुवातीपासून ठाऊक आहे. म्हणजे चष्मा काढून सरळ उभं राहण्याचं ते दृश्य येण्याची शक्यताच दिग्दर्शक जेम्स गननं काढून टाकली. त्याऐवजी ती घरात त्याची मुलाखत घेते. तो सुपरमॅन म्हणून उत्तरं देतोय, पण चिडतो क्लार्कसारखा, हात हवेत, आवाज चढलेला, प्रेयसीनं कोंडीत पकडलेल्या माणसासारखा. दोघं एकाच अंगात एकाच वेळी. रीव्हनं जे पाळीपाळीनं केलं ते ह्यानं एकत्र केलं. शिवाय संगीतात जॉन विल्यम्सची जुनी धून आहे, आणि रीव्हचा मुलगा वार्ताहर म्हणून क्षणभर दिसतो.

लकडीपूल, तुमच्या कसोटीला इतका ठळक वळसा दुसरा मिळणार नाही. पहिल्या घोटाळ्यावरचं तुमचं उत्तर मात्र मला अजून पटलेलं नाही.

सिंहगड_एक्सप्रेस

आता खरी परीक्षा डाउनीची. २०२४मध्ये जाहीर झालं की तो परत येतोय, पण खलनायक डॉक्टर डूम म्हणून, आणि डूमचा चेहरा लोखंडी मुखवट्यात. ज्यानं आयर्नमॅन असा स्वतःच्या नावावर केला, त्याला आता स्वतःलाच वळसा घालायचाय. बडबड बंद ठेवून.

रानजाई

आणि हिंदीत डूमला राजेश खट्टरचाच आवाज ठेवला, तर आमच्या बारामतीला टोनी परत आला म्हणून फटाके फुटतील. भावाला विचारून सांगते.

तिसरी_घंटा

विचारा. आणि तो घट्ट अंगरख्याचा धागा कधी काढताय?